चौदा महिन्यांचे यशस्वी बॅकअप

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

काल सकाळी साडेदहापासून आमच्या हॉस्पिटलमध्ये एकही सीटी स्कॅन उघडत नाही. जुना दिसत नाही, नवा साठत नाही. मशीन चालतं, पेशंट आत जातो, बाहेर येतो आणि चित्रं कुठेच नाहीत. डॉक्टरांचे फोनवर फोन. मी प्रत्येकाला एकच सांगते आहे, "चित्रं सुरक्षित आहेत, फक्त त्यांच्यापर्यंतची वाट तुटली आहे." हे खरं आहे. पूर्ण खरं नाही.

ही वही मी भाषणांचे मुद्दे काढायला घेतली होती. पहिली अकरा पानं कंत्राटी कामगारांच्या तेवीस तारखेच्या सभेची आहेत. बाराव्या पानावर हे.

तळघरातल्या थंड खोलीत एका बाजूला सर्व्हर, दुसऱ्या बाजूला डिस्कांचं कपाट आणि मधे एक चपटा डबा. तो स्टोरेज राउटर. कोणत्या सर्व्हरला कोणती डिस्क द्यायची, हे तो ठरवतो. वीस वर्षांचा म्हातारा. ज्यांनी बनवला त्यांनीही त्याचा नाद केव्हाच सोडला. त्याला खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर एकेक कमांड टाइप करून त्याच्याशी बोलायचं. सबंध हॉस्पिटलमध्ये त्याची भाषा येणारी मी एकटी, आणि या गोष्टीचा मला नको तितका अभिमान आहे.

काल यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायचं काम होतं. पोपटने, म्हणजे आमच्या कंत्राटी इलेक्ट्रिशियनने, वीज काढली आणि पाच मिनिटांनी परत दिली. डबा पुन्हा सुरू झाला आणि अर्ध्याहून जास्त डिस्का कुणाच्या, हेच त्याला आठवेना.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

एकतीस डिस्का. प्रत्येकीचा लांबलचक नंबर वाचायचा, कपाटावरच्या चिठ्ठीशी ताडायचा, मग तिचा सर्व्हर शोधायचा. घाई चालत नाही. परकी डिस्क दिली तर सर्व्हर तिला कोरी समजून पुसायला निघतो. बावीस झाल्या.

दुपारी रेडिऑलॉजीत गेले होते. सासवडहून आलेल्या एका बाईंचा मागच्या आठवड्यातला स्कॅन दिसत नव्हता, म्हणून सुई टोचून, औषध सोडून पुन्हा केला. बाई मला म्हणाल्या, "तुम्ही तरी काय करणार, लाइटच गेली म्हणल्यावर." मी मान डोलावली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

अकरा चाळीसला शेवटची डिस्क जोडली. स्कॅन उघडले. रेडिऑलॉजीतल्या लोकांनी पेढे पाठवले. ते टेबलावर तसेच आहेत.

सगळं सुरू झाल्यावर मी डब्याला एक कमांड दिली: शेवटचं सेव्ह कधी? उत्तर आलं, १९ डिसेंबर २०२३.

मला उत्तर माहीत होतं. रविवारी डबा उठल्या उठल्याच कळलं होतं. तरी तारीख डोळ्यांनी बघायची होती.

स्वतःलाच समजावून लिहिते. या डब्याला दोन स्मृती असतात. तुम्ही कमांड दिली की बदल ताबडतोब लागू होतो, काम सुरू होतं. पण तो बदल पहिल्या, कच्च्या स्मृतीत असतो. वीज गेली की ती पुसली जाते. पक्क्या स्मृतीत जायला वेगळी सेव्हची कमांड लागते. बावीस डिसेंबर २०२३ला नवं सीटी मशीन आलं, तेव्हा मी नव्या डिस्का जोडल्या, जुनं सगळं त्यांच्यावर हलवलं आणि मुद्दामच सेव्ह केलं नाही. आमच्या धंद्यातली ही जुनी सवय आहे: आठवडाभर चालू द्यायचं, काही बिघडलं तर डबा बंद-चालू करून मागे जाता येतं. आठवडा संपला. मग कंत्राटी कामगारांचा मोर्चा होता, मग व्याख्यानमाला होती. मग मी विसरले.

याहून लाजिरवाणं पुढे आहे. दर महिन्याच्या एक तारखेला कॉन्फिगरेशनची, म्हणजे या सगळ्या जोडण्यांच्या नोंदीची, प्रत आपोआप दुसऱ्या मशीनवर जाते आणि मला मेल येतो, "बॅकअप यशस्वी." ही व्यवस्था मीच लिहिली. ती प्रत पक्क्या स्मृतीची घेते. म्हणजे चौदा महिने एकच जुनी फाइल चौदा वेळा नेऊन ठेवली गेली, आणि चौदा वेळा मला शाबासकी आली. ऑक्टोबरात तपासणी समिती आली तेव्हा 'यशस्वी'च्या त्या हिरव्या ओळी मी पडद्यावर दाखवल्या आणि 'निष्काळजीपणा ही हिंसा आहे' या विषयावर दहा मिनिटं बोलले. समितीच्या अध्यक्षांनी व्याख्यानासाठी माझा नंबर घेतला होता.

संध्याकाळी प्रशासन अधिकारी शरच्चंद्र सरांनी बोलावलं.

"तनुजा मॅडम, कारण एका वाक्यात सांगा. आपल्याला ते जमतं असं ऐकिवात नाही, तरी."

"वीज खंडित झाल्यामुळे राउटरचं कॉन्फिगरेशन गेलं."

"वीज कोणी खंडित केली?"

"बॅटऱ्यांचं काम चालू होतं, सर."

"म्हणजे पोपट."

मी काही बोलले नाही. मी, जी माइक मिळाला की पाऊण तास खाली ठेवत नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पोपटला काढलं. फोनवर. कंत्राटदाराच्या माणसाने सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस." नऊ वर्षांचं काम एका फोनमध्ये संपतं, कारण हातात नेमणूकपत्र नाही. हेच वाक्य तेवीसच्या सभेच्या मुद्द्यांमध्ये, पान तीनवर, मी लाल शाईने लिहून ठेवलं आहे. उदाहरण मिळत नव्हतं.

आता ते लिहिते जे सोमवारी लिहिलं नाही.

रविवारी पोपट माझ्या दारात आला होता. हातात टेस्टर, कपाळावर घाम. म्हणाला, "मॅडम, दोन्ही लाइनी एकदम काढाव्या लागतील. पाच मिनिटं. तुमचं सगळं जतन केलेलं हाय ना?" मी फोनवर होते. सभेत कुणी आधी बोलायचं यावरून वाद चालला होता. मी हाताने इशारा केला आणि म्हटलं, "हो हो, घ्या करून."

त्याने विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं.

काल त्याची चौकशी झाली. आवक-जावक बघणारी दीपमाला तेव्हा तिथेच बसली होती, तिने सांगितलं. सरांनी विचारलं, "मॅडमना विचारलं होतंस का?" आणि पोपट म्हणाला, "घाईत राहिलं, साहेब." बहुतेक त्याच्या लक्षातच नाही. दिवसातून दहा जणांना तो दहा गोष्टी विचारत असतो. नाहीतर तो बोललाच असता, गप्प कशाला बसेल?

मी काही खोटं बोललेले नाही. वरचं वाक्य खोडत नाही, राहू दे. किती वकिली करते मी स्वतःची, ते दिसू दे.

रविवार, १६ फेब्रुवारी

वारज्याला आईकडे गेले. आमचं शेत होतं तिथे आता अकरा मजले आहेत आणि आई तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मेथी लावते. मी तिला निम्मंच सांगितलं: पोपट नावाच्या माणसाला काढलं, वाईट झालं.

"वय काय त्याचं?"

"पन्नाशीच्या पुढे असेल."

"आन् तू त्याला पोपट म्हनतीस?"

"सगळेच म्हणतात, आई."

"सगळी सभेत भाषणं करत न्हाईत."

मग ती मेथीच खुडत राहिली. मी चहा न घेता निघाले आणि रस्ताभर तिच्याशी मनातल्या मनात वाद घातला. वाद मी जिंकला. पण घरी येऊन शरच्चंद्र सरांचा विचार मनात आला तर 'सर' लावून, पोपटचा आला तर नुसता. सर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बुधवार पेठेत गेले होते. डब्याला लॅपटॉप जोडायची केबल सैल झाली आहे आणि तसली जुनी केबल आता तिथल्याच एक-दोन दुकानांत मिळते. दुकानात शिरले, तर आत स्टुलावर पोपटराव. एका मिक्सरचं पोट उघडून बसले होते.

"मॅडम! तुम्ही हितं?"

"केबल हवी होती."

त्यांनी माझ्या हातातली केबल बघितली, उठून मागच्या खोक्यातून बरोबर तशीच काढली आणि दुकानदाराला म्हणाले, "ह्यांना वाजवी लावा, आपल्या मॅडम हायेत." आपल्या.

मी बाहेर पायरीवर आले. तेही आले. तेव्हा मी जे विचारलं तेही लिहिते. मी विचारलं, "त्या रविवारी तुम्ही मला वीज काढण्याआधी विचारलं होतं का हो?" जणू मला आठवतच नाही. त्यांनी 'नाही' म्हणावं म्हणून.

"तुम्ही फोनवर होता," ते म्हणाले.

"मग सरांना का नाही सांगितलंत?"

"तेवीसला सभा हाय ना, मॅडम. सत्तावीस जणांच्या नेमणूकपत्राचं बोलायचंय. ट्रस्टी येनारेत. त्याच्या आधी तुमचंच नाव खराब झालं तर आमच्याकडनं बोलनार कोन? मी? मला चार मान्सं दिसली की जीभ टाळूला चिकटती." ते हसले. "मला काय, मिक्सर हायेत की."

म्हणजे त्यांच्या लक्षात होतं. पहिल्या क्षणापासून होतं.

मी म्हटलं, उद्याच सरांकडे जाते. ते म्हणाले, "आधी सभा होऊ द्या." आणि मला हायसं वाटलं. पाच दिवसांची मुदत मिळाल्यासारखं. लिहून ठेवते, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

सभा झाली. स्वारगेटजवळचा हॉल भरला होता, मागे लोक उभे होते. दोन ट्रस्टी पहिल्या रांगेत. पोपटराव आणि त्यांच्या पत्नी नंदाताई तिसऱ्या रांगेत, कडेला.

मी बोलले. कबूलही केलं, तिथेच, माइकवर. ठरवून गेले नव्हते, पण तिसऱ्या पानावरचं लाल वाक्य आलं आणि पुढे जाता येईना. म्हटलं, "फोनवर नोकरी गेलेला माणूस आज याच सभागृहात बसला आहे आणि त्याची नोकरी घालवणारा हातही याच सभागृहात आहे. तो हा हात!" आणि हात वर केला. मग टाळ्या. थांबेनात. मागून कुणीतरी ओरडलं, "याला म्हणतात नेता!" एका ट्रस्टींनी येऊन हात हातात घेतला, "फार मोठं मन लागतं, ताई."

मला बरं वाटलं. चौदा दिवसांत पहिल्यांदा खांदे हलके झाले. फोटोही काढू दिले.

गर्दी ओसरल्यावर नंदाताई समोर आल्या. शेजारी कुणी नव्हतं.

"पोपटराव कुठे आहेत?"

"टाळ्या सुरू झाल्या तेव्हाच उठून गेले." पदर नीट करत त्या म्हणाल्या, "ताई, एक विचारू? हे सभेत सांगितलंत. हापिसात सांगितलंत का?"

"सांगणारच आहे."

"मग आधी तिथं सांगायचं होतं. हे गप्प बसले, कुणाला कळू दिलं नाही, मलासुद्धा नाही. आणि तुम्ही ते माइकवर वाटून टाकलंत. टाळ्या तुम्हाला मिळाल्या. ह्यांना काय मिळालं?"

आयुष्यात प्रश्नोत्तरांच्या तासाला मी कधी अडले नव्हते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

माझ्या चुकीचंसुद्धा मी भाषण केलं. तो हात! हात वर करताना किती उंच करावा, हे मला नेमकं कळत होतं.

आज पत्र लिहायला बसले. पहिला खर्डा तीन पानांचा झाला. त्यात श्रमिकांचा इतिहास होता, यंत्राची स्मृती आणि समाजाची स्मृती होती. फाडला. दुसरा दीड पान. त्यात 'अंतःकरण' हा शब्द दोनदा. फाडला. शेवटी उरलं ते असं:

"दि. ९ फेब्रुवारी रोजी वीज बंद करण्यापूर्वी श्री. पोपट यांनी मला विचारले होते. मी परवानगी दिली. डिसेंबर २०२३पासून मी राउटरचे कॉन्फिगरेशन सेव्ह केले नव्हते. मासिक बॅकअपमध्ये जुनीच फाइल जात होती आणि मी ती तपासली नाही. बिघाडाचे कारण हे आहे. त्यांची यात चूक नाही."

'श्री. पोपट' लिहून थांबले. पुढे काय? दोन वर्षं त्यांच्या वतीने बोलते आहे. त्यांच्या कष्टांवर, त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर मी रस्त्यावर उतरले. मला त्यांचं आडनाव माहीत नाही.

नंदाताईंना फोन केला. त्यांनी सांगितलं, "सोनवणे." आणि विचारलं, "लिहून घेतलंत का?"

मंगळवार, २५ फेब्रुवारी

शरच्चंद्र सरांनी पत्र वाचलं, चष्मा काढला.

"उत्तम. प्रथमच आपलं लेखन एका पानात मावलंय. आता हे घरी घेऊन जा."

"नाही, सर."

"मॅडम, जरा विचार करा. बाहेरच्या माणसाची चूक झाली तर हॉस्पिटल दुर्दैवी ठरतं. आतल्या माणसाची झाली तर निष्काळजी. तपासणी समितीला आपणच त्या हिरव्या ओळी दाखवल्या होत्यात. तुमच्या सभेची बातमी आली तरी चालेल, सभेत लोक काहीही बोलतात. कागद वेगळा. आणि त्या पोपटला दुसरीकडे लावता येईल, मी शब्द देतो."

पाच सेकंद मला तो शब्द घ्यावासा वाटला. पाच नाही, जास्त. माझं नाव वाचवून पोपटरावांचं पोट भरणारा तो रस्ता किती सपाट दिसत होता!

"त्यांना इथून काढलंय, सर. कारणही इथेच त्यांच्या नावावर लिहिलंय."

बाहेर दीपमालाच्या टेबलावर पत्र ठेवलं आणि आवक शिक्का मागितला. तिने आतल्या दाराकडे एकदा बघितलं आणि शिक्का मारला. "चारशे बारा," रजिस्टरमध्ये लिहीत म्हणाली. "आता कागद हरवला तरी नंबर हरवत नाही. प्रत घ्या, मॅडम, आणि ती ह्या इमारतीत ठेवू नका."

तिला कुणी कधी व्याख्यानाला बोलावलेलं नाही.

सोमवार, ३ मार्च

हॉस्पिटलची चौकशी समिती बसली. सहा जण. मी काहीच तयार करून नेलं नव्हतं, फक्त दोन कागद: शेवटच्या सेव्हची तारीख आणि चौदा बॅकअप फायली एकमेकींशी ताडून आलेला निकाल.

"म्हणजे यांच्यात फरक किती?" रेडिऑलॉजीच्या डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही. चौदाही अक्षर न् अक्षर सारख्या."

"आणि आपण दर महिन्याला काय बघत होतात?"

"मेल आला की नाही, तेवढं. फाइल उघडून बघितली नाही."

"पण उघडणं अवघड असतं का?"

"नाही. एक कमांड."

पुढे कुणी काही विचारलं नाही. बोलायला भरपूर जागा होती. मी ती रिकामी ठेवली. आतल्या आत किती परिच्छेद धडका मारत होते, ते मलाच माहीत.

निर्णय: मला लेखी ठपका, विभागाचा कार्यभार काढला, राउटरला हात लावताना सहा महिने शेजारी दुसरा माणूस. श्री. पोपट सोनवणे यांना परत घेण्याबद्दल कंत्राटदाराला पत्र, आणि पत्रात 'त्यांची चूक नव्हती' हे वाक्य. ते मी वाचून घेतलं.

संध्याकाळी कामगार समितीचा फोन आला. नेमणूकपत्रांच्या बोलणीला मी नसावं असं ठरलंय. आज दुपारच्या पहिल्याच बैठकीत ट्रस्टींनी माझा ठपका टेबलावर ठेवला म्हणे. ज्यांनी हात हातात घेतला होता, त्यांनीच. "ताई, राग मानू नका." मी म्हटलं, बरोबर आहे. पोपटरावांना ज्याची भीती होती तेच घडलं, फक्त सभेनंतर. माझं बोलणं सत्तावीस जणांना महाग पडू नये, एवढंच आता मागते.

शुक्रवार, ७ मार्च

पोपटराव आज कामावर आले. डब्याला दोन वेगळ्या लाइनींवरून वीज द्यायचं काम त्यांच्याकडे आलंय, म्हणजे एक काढली तरी तो जागा राहील. खोलीत मी होते आणि माझ्या शेजारी बसायला नेमलेले नेटवर्क विभागाचे गृहस्थ. तेवढ्यात ते गृहस्थ चहाला गेले.

"पत्र वाचलं," पोपटराव म्हणाले. "दीपमाला मॅडमनी दाखवलं. आडनाव बरोबर लिहिलंय."

"नंदाताईंना विचारलं."

"सांगितलं तिनं. तुम्हाला माहीत नव्हतं, ते पन सांगितलं."

मी सुरू केलं, "पोपटराव, मला तुमच्याशी बोलायचं आहे, त्या दिवशी सभेत मी—"

"नका, मॅडम." त्यांनी हात वर केला, टेस्टरसकट. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही बोलायला लागलात की आम्हाला ऐकावंच लागतं. माझा राग गेलेला नाही. जाईल तेव्हा जाईल. काम करू द्या."

त्यांनी ॲल्युमिनियमची शिडी उघडली. फरशी गुळगुळीत, शिडीचा एक पाय डुगडुगत होता. ते एक पायरी चढले, उतरले, इकडेतिकडे बघितलं. दुसरं कुणी नव्हतं.

"धरता का?"

मी धरली. वर त्यांनी छताची फळी सरकवली, धूळ माझ्या केसांत पडली. वायर ओढताना शिडी हलायची आणि मी दोन्ही हातांनी दाबून धरायचे. मनात क्षमेची वाक्यं रांगेत उभी होती, चांगली घडवलेली. एकही सोडली नाही.

अर्धा तास गेला असेल. मी अंमळ अंग सैल केलं.

"हलू नका," वरून आवाज आला.

मी हलले नाही.